पणकाकूंचा लांबचा रस्ता

गेल्या हिवाळ्यात मी बत्तीस माणसांची एक बस स्कीच्या उतारावर पाठवली.

मुद्दाम नाही. फोनवरच्या नकाशात वरच्या गावापासून हॉटेलापर्यंत एक छान वळणदार निळी रेघ होती. मी तिला रस्ता समजलो. ती निघाली नवशिक्यांसाठी राखलेली घसरण. उतार सोपा की अवघड यासाठी रंग ठरलेले असतात आणि निळा म्हणजे सोपा, हे बसच्या ड्रायव्हरने मला फोनवरून, मध्येमध्ये दुसरेही बरेच शब्द घालून, समजावून सांगितलं. बस जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभी होती. पलीकडून माणसं पायांना लांब फळ्या बांधून सरसर खाली येत होती, आणि आमची बत्तीस माणसं बॅगा ओढत वर चालली होती. बॅगांची चाकं बर्फात फिरत नाहीत, हेही त्याच दिवशी कळलं.

आमच्या गावच्या शाळेत भूगोल ड्रॉइंगचे मास्तर शिकवायचे. त्यामुळे मला नकाशा उत्तम रंगवता येतो. वाचायची वेळ कधी आली नव्हती.

ऑफिसात माझं नाव ‘निळी रेघ’ पडलं. ‘रेघेला बोलावलंय’ असा निरोप आला तेव्हा मी टेबलाचा खण आवरूनच मालकांच्या केबिनमध्ये गेलो. आमचं प्रवासाचं ऑफिस लहान: पुढे काउंटर, मागे चार टेबलं, कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये एक खेळण्यातलं विमान, त्याचा एक पंख चिकटवलेला. मालक बोलताना तो पंख हळूच दाबून बघतात, निघालाय का म्हणून. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. डिंकावरही नाही.

“तुला काढायला हवं,” ते म्हणाले. “पण काढत नाही. उद्यापासून काकूंच्या टेबलाशी बस. रस्ते कसे आखतात ते शीक.”

मी आभार मानायला तोंड उघडलं.

“आणि शिकताना डोळे उघडे ठेव.” त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. काकू फोन कानाला लावून आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. “वरच्या गावाला जायला खिंडीचा रस्ता आहे. इथे बसायचं, तिथे उतरायचं. पण या मोसमात बाई प्रत्येक ग्रुप दरीतून नेताहेत. आधी ट्रेन, मग त्या दरीतल्या स्टेशनावर थांबा, मग दुसरी बस. अर्धा दिवस जास्त जातो. लोक कुरकुरतात. आणि स्टेशनावर एवढा थांबा कशाला? तिथे आहे काय? एक कँटीन.”

“कँटीनवाला काही देत असेल?”

“मी असं म्हटलं का?” मालक म्हणाले. “तू म्हणालास. मी फक्त बघ म्हणतो. तुझ्या म्हणण्यात तथ्य निघालं तर काकूंची खुर्ची रिकामी होईल. आणि रिकामी खुर्ची मला बघवत नाही.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुकानदार कपड्याच्या मापाचा अंदाज घेतो.

म्हणजे मामला स्पष्ट होता. काकू दोषी निघाल्या तर त्यांची खुर्ची मला, नाही निघाल्या तर मला घरचा रस्ता, आणि तो मला नकाशाशिवाय माहीत होता. काकूंचं वय असं, की ही खुर्ची गेली असती तर दुसरीकडे स्टूलही मिळालं नसतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. हे मला ठाऊक होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी नवी वही आणि निरागस चेहरा घेऊन त्यांच्या टेबलाशी बसलो.

काकूंना सगळे मागून पणकाकू म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘पण’पासून सुरू व्हायचं. “सुप्रभात काकू” म्हटलं तरी “पण आभाळ आलंय” असं उत्तर. उंची बेताची, चष्मा साखळीला अडकवलेला, खांद्यावर बारा महिने तीच राखाडी शाल. टेबलावर कॉम्प्युटर होता. त्यावर त्या पर्स ठेवत. काम सगळं फोनवर. ट्रेनच्या चौकशी खिडकीतला माणूस, हॉटेलांचे कारकून, बसच्या डेपोतला कुणीतरी, असा त्यांचा मोठा गोतावळा होता आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

कारण काकू स्वतः कधी डोंगरावर जात नाहीत. बर्फ त्यांनी पाहिलाय तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात.

पहिल्याच दिवशी त्यांनी एका हॉटेलच्या कारकुनाला धरलं. तो सांगत होता, हवा एकदम स्वच्छ आहे. काकू म्हणाल्या, “पण तू खिडकीपाशी जा.” तो गेला असावा. “समोरच्या इमारतीच्या छपराचा रंग सांग.” पलीकडून नुसतं खाकरणं. “दिसत नाही ना? मग स्वच्छ काय आहे, तुझं कपाट?” फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “हवा कशी आहे असं कुणालाच विचारायचं नाही. खोटं बोलायला फार सोपा प्रश्न आहे तो.”

मी वहीत लिहून घेतलं. मग वाटलं, जी बाई दुसऱ्याचं खोटं इतक्या सहज ओळखते तिला स्वतःचं किती सफाईने लपवता येत असेल. मनात पाल चुकचुकली ती अशी. आणि एकदा चुकचुकायला लागली की ती पाल काही झोपत नाही.

रोज सकाळी काकूंना एक फोन यायचा, किंवा त्या करायच्या. माझ्या आधी त्या आलेल्या असत, त्यामुळे कळत नसे. तो फोन मात्र त्या पाठ करून, तोंडाला शाल लावून घेत. एकदा मी पडलेलं पेन उचलायच्या निमित्ताने वाकलो. फोनमधून आवाज येत होता तो माणसाचाच, पण भाषा कुठली ते समजेना. फसफस, फुसफुस, मध्येच एक लांब सुस्कारा. काकू म्हणत होत्या, “पुन्हा सांगा. हळू. वर की खाली? नाही कळत हो.” मग त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ फोनकडेच बघत बसल्या.

“कोण होतं काकू?”

“पण तुझं पेन सापडलं का?” त्या म्हणाल्या.

सांकेतिक भाषा. माझी खात्रीच पटली. मी मालकांना जाऊन सांगितलं, त्यांनी विमानाचा पंख दाबला आणि म्हणाले, “बघ.”

मग एक दिवस त्या चष्मा टेबलावर विसरून गेल्या. दुसरा कुणी असता तर सकाळी दिला असता. मी मात्र तो घेऊन सरळ त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला, जिन्याचा कठडा हलता. दार उघडलं त्यांच्या नणंदेने. नवरे दोघींचेही गेलेले. आता या दोघी एकत्र राहतात आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडतात.

“वहिनी आंघोळीला गेलीय. बस,” नणंद म्हणाली. “तूच का तो, घसरगुंडीवर बस चढवणारा?”

माझी कीर्ती माझ्या आधीच पोचली होती.

“तुमच्या वहिनी डोंगरात कधीच जात नाहीत, नाही?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

नणंदेने आतल्या दाराकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. हा किस्सा तिला किती प्रिय होता ते त्या ओढण्यावरूनच कळलं. “एकदा गेली होती. लग्न झालं त्याच वर्षी. घाटाची बस, आमचे वडील तिच्या शेजारी. त्यांनी नवे बूट घेतले होते, रंगीत कागदातून काढलेले. सातव्या वळणावर हिने ते बूट भरले.”

“भरले म्हणजे?”

“भरले म्हणजे भरले. उजवा पूर्ण, डावा निम्मा. वडील देवमाणूस, एक शब्द बोलले नाहीत. उरलेला घाट अनवाणी बसले. तेव्हापासून ही लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटते.”

“मला ऐकू येतंय सगळं,” आतून काकूंचा आवाज आला.

“ऐकायलाच सांगतेय,” नणंद म्हणाली.

मला वाटलं, सापडलं कारण. खिंडीत वळणं, म्हणून काकूंना खिंड नको. पण मग मागच्या वर्षी त्यांनी सगळे ग्रुप खिंडीतूनच नेले होते. तीस वर्षांपूर्वीची मळमळ माणसाला अचानक याच मोसमात आठवत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. निघताना टीव्हीशेजारी मला एक छोटा डबा दिसला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला. माझी नजर तिथे गेली तशी काकूंनी ओल्या केसांनिशी बाहेर येऊन त्यावर शाल टाकली. अगदी सहज. सहज केलेल्या गोष्टीइतकं संशयास्पद दुसरं काही नसतं.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची संघटना आली. तीस डॉक्टर, वरच्या गावी परिषद. परिषद म्हणजे सकाळी घसरायचं, दुपारी झोपायचं आणि एकदा सगळ्यांनी मिळून फोटो काढायचा. पण खर्च परिषदेच्या नावावर पडावा म्हणून त्यांनी बरोबर प्रात्यक्षिकाची यंत्रंसुद्धा घेतली होती. अध्यक्षीणबाई काउंटरवर बसल्या तशा काकू टेबल सोडून पुढे आल्या. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“सगळे दातांचेच?” काकूंनी विचारलं.

“सगळे.”

“यंत्रंसुद्धा नेणार म्हणता?”

“नेणार आहोत. का?”

“पण वजनाचं बघावं लागतं ना,” काकू म्हणाल्या. ट्रेनला वजनाचं काहीही बघावं लागत नाही.

अध्यक्षीणबाईंना खिंडीचा रस्ता हवा होता. काकू दरीवर अडून बसल्या. “बाई, खिंडीत आज काय आहे हे मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्यातून मी तीस माणसं पाठवत नाही.”

“दुसऱ्या कंपनीवाले तर पाठवताहेत.”

“पाठवू देत. त्यांना माहीत असेल. किंवा नसेल.”

अध्यक्षीणबाई जरा हसल्या. “तुम्हाला त्या स्टेशनावर काही मिळतं का हो?”

विनोदाने विचारलं होतं, पण काचेपलीकडे मालकांचं बोट पंखावर थांबलं. काकूंनी चष्मा पुसला. “मिळालं तर सांगेन,” त्या म्हणाल्या.

ग्रुपबरोबर मला पाठवायचं ठरलं. मालकांनी ठरवलं असं मालकांना वाटलं. पण माझं नाव काकूंनी सुचवलं होतं. निघायच्या दिवशी स्टेशनवर त्या स्वतः आल्या. ट्रेनपासून चार पावलं लांब उभ्या, जणू ती त्यांना आत ओढून घेईल. शालीतून तो डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“हा दरीतल्या स्टेशनावर बर्फवाल्याला द्यायचा. खिंडीतला बर्फ काढायचं मशीन चालवतो तो. लाल टोपी. बॅगेत टाकू नकोस, मांडीवर ठेव. उघडू नकोस.”

“आत काय आहे?”

“आणि देताना मोठ्याने विचारायचं, आईचे दात कसे आहेत.”

“काय?”

“आईचे दात कसे आहेत. मोठ्याने. कँटीनच्या मध्यभागी उभं राहून. सगळे डॉक्टर चहा घ्यायला बसले की मगच.”

आता मला सांगा, असं कुणी सांगितल्यावर कुठल्या शहाण्या माणसाला परवलीच्या शब्दाशिवाय दुसरं काही सुचेल? मी गाडीत खिडकीशी बसलो, डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. दरी सुंदर होती असं नंतर डॉक्टरांच्या फोटोंत दिसलं. मी डबा कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खडखडलं, टणक आणि लहान लहान. मौल्यवान खडे, मी ठरवून टाकलं. समोरचे एक डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “औषध आहे का?” मी म्हटलं, “नाही, जबाबदारी आहे.” ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

दरीतल्या स्टेशनाचं कँटीन म्हणजे एक लांब खोली, मध्ये लोखंडी शेगडी, भिंतीला बाकं. डॉक्टर शिरल्याशिरल्या शेगडीभोवती दाटले. कँटीनवाला हा माझा मुख्य संशयित. मी त्याला नीट न्याहाळला. तो इतक्या माणसांना बघून वैतागला होता. कमिशन देणारा माणूस गिऱ्हाईक आल्यावर असा कपाळावर हात मारून घेत नाही. तेवढ्यात लाल टोपी दिसली. धिप्पाड माणूस, भुवयांवर बर्फ, आणि त्याच्यामागे बाकावर एक म्हातारी, नाकापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळलेली. डोळे मात्र असे, की माझ्या खिशात काय आहे ते तिला दिसत असावं.

मी खोलीच्या मध्यभागी गेलो, डबा पुढे केला आणि घसा साफ करून मोठ्याने म्हणालो, “आईचे दात कसे आहेत?”

तीस माना वळल्या.

बर्फवाल्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, हे लगेच कळलं. तो बापडा भांबावून म्हणाला, “दात? दात तर तुमच्या हातात आहेत.”

चिकटपट्टी फाडून त्याने डबा उघडला. कापसाच्या गादीवर एक कवळी, मधोमध जोडाची बारीक रेघ. ती मोसमाच्या सुरुवातीलाच फुटली होती, एका परतणाऱ्या ग्रुपबरोबर काकूंकडे गेली होती आणि त्यांनी ती शहरात सांधून घेतली होती. म्हातारीने मफलर खाली केला, कवळी तोंडात घातली, चावून पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“बसत नाहीये,” एक डॉक्टर म्हणाले.

“बसणारच नाही. सांधलेली कवळी तोंडात घालून घासावी लागते. डावीकडे टोचतेय,” दुसरे म्हणाले.

“उजवीकडे.”

“अहो, डोळा कुठला मिटला बघा ना.”

“इथे दातांचा डॉक्टर नाही का?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“सगळ्या दरीत नाही,” बर्फवाला म्हणाला. “आणि हिला दूर नेता येत नाही, ही घर सोडत नाही. आज इथपर्यंत आली तेच खूप.”

चहा तसाच राहिला. अध्यक्षीणबाईंनी पर्समधून लिपस्टिक काढली, म्हातारीच्या हिरडीवर दुखऱ्या जागी ठिपका लावला, कवळी घालून पुन्हा काढली; जिथे लाल डाग उमटला तिथे घासायचं. मग प्रात्यक्षिकाचं यंत्र निघालं. त्याच्या खोक्याचं सील मोडताना सगळे क्षणभर थबकले, कारण ते कधी मोडावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्या परिषदेतलं एकुलतं एक काम त्या बाकावर झालं. यंत्राची वायर कँटीनच्या किटलीच्या जागी लावली, त्यामुळे कँटीनवाला आणखी वैतागला. घासायचं, घालायचं, लिपस्टिक, पुन्हा घासायचं. तीस डॉक्टर आणि एक तोंड. प्रत्येकाला एकदा डोकावून बघायचं होतंच. चौथ्यांदा कवळी घातल्यावर म्हातारीने जबडा इकडून तिकडे फिरवला आणि पहिलं स्वच्छ वाक्य बोलली.

“किती गोंगाट करता हो तुम्ही लोक.”

टाळ्या पडल्या. मी मात्र बर्फवाल्याला कोपऱ्यात घेतलं. “काकूंना तुम्ही याबद्दल काय देता?”

“आम्ही काय देणार? आई बोलते त्यांच्याशी.”

“काय बोलते?”

“बायका काय बोलतात ते मी ऐकत नाही,” तो म्हणाला. मग माझे हात बघितले. मघाशी सामान पुढच्या बसवर चढवताना ते लालबुंद झाले होते. त्याने स्वतःचे हातमोजे काढून माझ्या हातात कोंबले. आतून लोकरीचे, कोपरापर्यंत येणारे. “पुढच्या ग्रुपबरोबर परत पाठव. एकच जोडी आहे.”

आम्ही वर पोचलो तेव्हा जेवणघर आवरलं जात होतं. दुसऱ्या कंपनीचा ग्रुप खिंडीतून केव्हाच येऊन, जेवून, लोळून झाला होता. खिंड मोकळी होती. वारासुद्धा नव्हता, असं त्यांच्यातल्या एकाने मला मुद्दाम सांगितलं.

आम्ही खिंडीतून परतल्यावर मालकांनी मला आणि काकूंना केबिनमध्ये बोलावलं. काकू दारातल्या खुर्चीवर टेकल्या. मालक माझ्याकडे वळले. “काय बघितलंस?”

मी सगळं सांगितलं. खिंड मोकळी होती हे, काकूंनी तीस माणसं एका म्हातारीच्या दातांसाठी मुद्दाम त्या स्टेशनावर उतरवली हेही. काकू शालीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

“आणि कमिशन?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“कँटीनवाल्याने तर मला किटलीवरून दम दिला.”

मालकांचा चेहरा पडला. कमिशन असतं तर त्यांना समजलं असतं. “मग कशासाठी, काकू? कोण लागते ती तुमची?”

“पण ती माझी खिंड आहे,” काकू म्हणाल्या.

“तुमची खिंड?” मालक म्हणाले.

“तिच्या घराच्या खिडकीतून खिंडीचा रस्ता वरपर्यंत दिसतो. मुलगा मशीन घेऊन वर गेला की ती बघत बसते. इतकी वर्षं रोज सकाळी तीच मला सांगते, रस्ता कसा आहे. दात फुटल्यापासून एक शब्द कळत नव्हता. वर म्हणते की खाली, बंद म्हणते की मोकळा. नुसती फसफस. अंदाजाने ग्रुप पाठवायचे? म्हणून दरी.”

“मग हे मला सरळ सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दुसरं कुणी शोधा. दुसरं कुणी म्हणजे हॉटेलचे कारकून. ते हवा स्वच्छ आहे म्हणणार.”

मालकांनी विमानाचा पंख दाबून पाहिला. विश्वास बसला नाही हे दिसतच होतं. “नंबर द्या,” ते म्हणाले. “मीच विचारतो. आज दुपारी आपली एक बस जायचीय. ती बाई जर मला सांगू शकत असेल, तर तिच्याशी बोलायला तुम्हीच कशाला लागता?”

ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले, पण काकूंचा हात शालीवर थांबला. त्यांची खुर्ची आता त्या फोनवर टांगलेली होती. मालकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“कोण?” आवाज खणखणीत.

“मी प्रवास कंपनीचा मालक बोलतोय.”

“बरं मग?”

“खिंडीत आज रस्ता कसा आहे?”

“तुम्हाला कशाला हवाय?”

“दुपारी आमची बस यायचीय.”

“असं सगळेच म्हणतात. परवा एक जण असाच विचारत होता, मी त्याला हवा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं.”

मालकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पुढे वाकून एवढंच म्हणाल्या, “मावशी, मी आहे.”

“अगं, मग आधी बोलायचं नाही? हा कोण खेकसतोय? ऐक. वरचं वळण दिसत नाहीये. मुलगा सकाळचा गेलाय, मशीनचा दिवा तिथेच एका जागी लुकलुकतोय, म्हणजे साचलंय भरपूर. दुपारची बस उद्यावर टाक.” मग जरा थांबून, “अगदी कळतंय ना आता माझं?”

“अगदी,” काकू म्हणाल्या.

मालकांनी बस उद्यावर टाकली. काकूंना जा म्हणाले नाहीत, रहा असंही म्हणाले नाहीत. विमान उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. आमच्याकडे याचा अर्थ प्रकरण संपलं असा होतो. मला मात्र सांगितलं, तू तिथेच बस, त्यांच्या टेबलाशी, बघत रहा. मला घरचा रस्ता अजून दाखवलेला नाही.

टेबलाशी आल्यावर मी काकूंना म्हटलं, “मी तुमच्यावर नजर ठेवून होतो.”

“ते मला पहिल्या दिवशीच कळलं,” त्या म्हणाल्या. “पेन सारखं पाडायचास. म्हणून तर दात तुझ्याकडे दिले. विश्वास ठेवणारा माणूस डबा बाकावर विसरून उतरतो. संशय घेणारा मांडीवरून हलवत नाही.”

मी तेही वहीत लिहून घेतलं.

फोन ठेवण्यापूर्वी मावशी आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या: “तो डबा घेऊन आला होता ना पोरगा, त्याला म्हणावं माझ्या मुलाचे हात गारठतात.” त्यानंतर आमचे सगळे ग्रुप खिंडीतून सरळ गेले, मावशींचे दात चांगले बसल्यामुळे दरीत उतरायचं कुणाला कारणच राहिलं नाही. मी हातमोजे पोस्टाने पाठवतो म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “पण पोस्टाचा काय भरवसा?” काल एका शाळेच्या ग्रुपचा रस्ता आखताना माझं पेन सारखं दरीकडे वळत होतं. समोर काकू बघत होत्या, काचेतून मालक बघत होते.

हातमोजे अजून माझ्याच खणात आहेत.